पिकअप गाडीची उंची
चारही चाकांनी ओढणाऱ्या मोटारीची बैठक खाली आणण्याचे शास्त्र

बंगळूर शहराच्या दक्षिण भागात बसवनगुडी ही जुनी वस्ती आहे. कन्नड भाषेत बसव म्हणजे नंदी आणि गुडी म्हणजे देऊळ. एकाच शिलाखंडातून कोरलेल्या प्रचंड नंदीचे देऊळ येथे आहे व त्यावरूनच या भागास हे नाव मिळाले. दरवर्षी कार्तिक महिन्यातील शेवटच्या सोमवारी या देवळाजवळ भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते आणि आसपासच्या गावांतील शेतकरी शेंगांची पोती घेऊन तेथे येतात. पूर्वी असा माल बैलगाडीतून येई. आता त्याची वाहतूक लहान मालमोटारी व पिकअप गाड्या करतात. पुढे माणसे बसण्याची बंद खोली आणि मागे मालासाठी उघडा हौदा, अशी पिकअप गाडीची रचना असते.

या वर्गातील एक गाडी बसवनगुडीपासून फार दूर तयार झालेली नाही. बंगळूर–म्हैसूर रस्त्यावर बिडदी येथे टोयोटा किर्लोस्कर मोटर या कंपनीचा कारखाना आहे. किर्लोस्कर हे नाव मराठी वाचकास परके नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली. त्याच घराण्याच्या उद्योगसमूहाने जपानच्या टोयोटा कंपनीशी भागीदारी करून १९९७ साली ही मोटार कंपनी स्थापन केली. २०२२ साली या कंपनीने हिलक्स ही पिकअप भारतीय बाजारात आणली. तिच्या चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोहोचवता येते. अशा गाडीस फोर व्हील ड्राइव्ह असे म्हणतात. चिखल, वाळू वा ओढ्याचे पात्र ओलांडता यावे म्हणून ती जमिनीपासून बरीच उंच ठेवलेली असते.

तथापि अशी गाडी विकत घेणारा प्रत्येक जण ओढे ओलांडतो असे नाही. शहरातील गुळगुळीत रस्त्यांवर ती चालवणाऱ्या काही हौशी मालकांना तिची उंची अनावश्यक वाटते. गाडी थोडी खाली आणली तर वळणावर ती कमी झुकेल, हौद्यात माल चढवणे सोपे जाईल, आणि दिसायलाही ती अधिक डौलदार होईल, असे त्यांचे म्हणणे असते. हे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु गाडीची उंची ही वरून चढवलेली सजावट नव्हे. भार, कमानींची हालचाल आणि रस्ता या तिघांचा मेळ घालून रचनाकाराने ती ठरवलेली असते. ती बदलली म्हणजे या तिघांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. तो हिशेब कसा मांडतात, हे पाहणे हा या पुस्तिकेचा उद्देश आहे.

गाडी कशावर उभी असते?

मोटारीचा पोलादी सांगाडा, म्हणजे चासी, चाकांवर थेट ठेवलेला नसतो. चाके व चासी यांच्यामध्ये एक लवचिक जोडणी असते. तिला सस्पेन्शन म्हणतात. साध्या बैलगाडीत अशी जोडणी नसते, म्हणून प्रत्येक खड्ड्याचा धक्का गाडीवानाच्या अंगाला बसतो. टांग्यास कमानी असत. त्यामुळे चाक उसळले तरी बैठक तितकी उसळत नसे. मोटारीचे सस्पेन्शन हे त्या टांग्याच्या कमानीचेच सुधारलेले रूप होय.

पिकअप गाडीच्या मागील बाजूस बहुधा कमानी पाटे असतात. कमी-अधिक लांबीच्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या एकीवर एक रचून त्यांचा एक गठ्ठा केलेला असतो. त्याची दोन टोके चासीस जोडलेली असतात आणि मध्यभागी यू-बोल्टांनी अ‍ॅक्सल आवळलेला असतो. पुढील बाजूस मात्र प्रत्येक चाकासाठी स्वतंत्र व्यवस्था असते: वर-खाली दोन त्रिकोणी बाहू आणि त्यांच्यामध्ये वेटोळ्याची स्प्रिंग. काही जुन्या पिकअप गाड्यांत वेटोळ्याऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाणारा पोलादी दांडा, हे काम करतो.

कमानीबरोबर आणखी दोन भाग असतात. कमान एकदा दबली की ती पुन्हापुन्हा वर-खाली होत राहते. हे आंदोलन शमवण्यासाठी तेलाने भरलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतो. आणि फारच मोठा धक्का बसला तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून चासीच्या खाली रबराचा ठोकळा बसवलेला असतो. उभ्या गाडीत या ठोकळ्यापासून अ‍ॅक्सलपर्यंत जी मोकळी जागा असते, तिला कमानीची वरची चाल म्हणता येईल. पुढील सर्व विवेचनात ही चाल फार महत्त्वाची आहे.

कमानीचा नियम

कमानीच्या वर्तनाचा नियम इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक (१६३५–१७०३) याने १६७८ साली प्रसिद्ध केला. कमानीवर जितका भार टाकावा, तितक्या प्रमाणात ती दबते. भार दुप्पट केला तर दबणेही दुप्पट होते. एक सेंटिमीटर दबण्यासाठी किती भार लागतो, यावरून कमानीची ताठरता मोजतात.

या नियमातून एक उपयुक्त निष्कर्ष निघतो. गाडीच्या स्वतःच्या वजनाने कमान किती दबलेली आहे एवढे कळले, तर ती एका सेकंदात किती वेळा वर-खाली होईल हे सांगता येते. त्यासाठी गाडीचे वजन वेगळे जाणून घेण्याची गरज नसते. कमान २० सेंटिमीटर दबली असेल तर सेकंदास सुमारे १.१ आंदोलने होतात, १० सेंटिमीटर दबली असेल तर सुमारे १.६, आणि ५ सेंटिमीटर दबली असेल तर सुमारे २.२. मनुष्याच्या चालण्यात शरीर सेकंदास एक ते दोन वेळा वर-खाली होते. त्यामुळे इतक्या संथ हेलकाव्याची शरीरास सवय असते. सेकंदास ४ ते ८ आंदोलने मात्र बसलेल्या माणसास सर्वाधिक त्रासदायक ठरतात. म्हणजेच कमान जसजशी ताठ होत जाईल, तसतशी गाडी शरीराला न मानवणाऱ्या हादऱ्यांच्या बाजूस सरकते.

उंची उतरवण्याचे मार्ग

गाडी खाली आणण्याचे मार्ग अनेक आहेत व प्रत्येकाचा परिणाम वेगळा आहे.

पहिला मार्ग म्हणजे पुढील वेटोळ्याच्या जागी आखूड स्प्रिंग बसवणे. कित्येकदा मूळ स्प्रिंगचेच एक-दोन वेढे कापून टाकले जातात. वेढे कमी केले की स्प्रिंग केवळ आखूड होत नाही, ती ताठही होते. ताठरता वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते. आठ वेढ्यांपैकी दोन कापले तर ताठरता एक तृतीयांशाने वाढते. शिवाय कापलेले टोक आपल्या बैठकीत नीट बसत नाही, आणि ते उष्णतेने कापले असेल तर तेथील पोलादाचे पाणी उतरते. म्हणून जाणकार कारागीर कापलेली स्प्रिंग बसवत नाहीत. ते त्या उंचीसाठीच बनवलेली स्प्रिंग वापरतात. टॉर्शन बार असलेल्या गाडीत समायोजनाचा बोल्ट सैल केला की पुढील भाग खाली येतो. हा मार्ग सोपा आहे, परंतु त्याने वरची चाल तितकीच घटते.

मागील बाजूस पाट्यांच्या गठ्ठ्यातून एखादा पाटा काढून टाकण्याची पद्धत आढळते. पाच सारख्या पाट्यांपैकी एक काढला तर उरलेल्या प्रत्येकावर पूर्वीच्या सव्वापट ताण येतो. गाडी खाली येते खरी, पण तिची भार वाहण्याची शक्तीही त्याबरोबर उतरते.

आणखी एक मार्ग पाटे व अ‍ॅक्सल यांच्या परस्पर स्थानावर अवलंबून असतो. अनेक उंच पिकअप गाड्यांत पाट्यांचा गठ्ठा अ‍ॅक्सलच्या वरून जातो. तो अ‍ॅक्सलच्या खालून नेला तर अ‍ॅक्सलच्या नळीची जाडी आणि गठ्ठ्याची जाडी यांच्या बेरजेइतकी चासी एकदम खाली येते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाटा व अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालून गाडी खाली आणता येते असे पुष्कळजण ऐकून असतात. पाटे अ‍ॅक्सलच्या खाली असतील तरच हे खरे आहे. पाटे वर असताना तोच ठोकळा गाडी उंच करतो.

चासी फार खाली आणल्यास अ‍ॅक्सल तिच्यावर आदळू लागतो. तेव्हा काही ठिकाणी चासीचा तुळईसारखा भाग अर्धवर्तुळात कापून अ‍ॅक्सलसाठी जागा करतात. ज्या तुळईवर सारा माल तोललेला असतो, तिलाच असा छेद दिल्यावर योग्य मजबुतीकरण झाले नाही तर त्या जागी तडा जाण्याचा धोका राहतो.

लाभ किती होतो?

गाडीच्या सर्व वजनाचा जेथे समतोल साधतो तो बिंदू म्हणजे गुरुत्वमध्य. गुरुत्वमध्य जितका खाली व चाकांमधील आडवे अंतर जितके अधिक, तितकी गाडी उलटण्यास कठीण. समजा, चाकांमधील आडवे अंतर १५४ सेंटिमीटर आहे व गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंचीवर आहे. अर्धे आडवे अंतर भागिले गुरुत्वमध्याची उंची, हे स्थैर्याचे ढोबळ माप मानतात. ते येथे १.१० येते. गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटर खाली आणला तर ते १.१८ होते. म्हणजे स्थैर्य सुमारे सात-आठ टक्क्यांनी वाढले. अ‍ॅक्सल व चाके आपल्या जागीच राहत असल्याने प्रत्यक्षात लाभ याहून किंचित कमी होतो.

आता याच गाडीचे वजन २१०० किलोग्रॅम धरू आणि तिच्यावर ५०० किलोग्रॅम शेंगांची पोती रचू. पोत्यांची थप्पी उंच असून तिचा मध्य जमिनीपासून १२० सेंटिमीटरवर असेल, तर गाडी व माल मिळून गुरुत्वमध्य जवळजवळ ८० सेंटिमीटरवर जातो. तीच पोती हौद्याच्या तळाशी पसरून त्यांचा मध्य ९० सेंटिमीटरवर ठेवला, तर एकत्रित गुरुत्वमध्य सुमारे ७४ सेंटिमीटरवर राहतो. केवळ माल रचण्याच्या रीतीने ६ सेंटिमीटरचा फरक पडला! कमानी बदलून जे ५ सेंटिमीटर मिळवायचे, त्याहून अधिक काही न कापता, काही न बदलता मिळाले. मालवाहू गाडीचे स्थैर्य हवे असणाऱ्याने प्रथम आपला माल कसा रचला जातो हे पाहावे, असे हा हिशेब सांगतो.

चालीचा जमाखर्च

उंची उतरवल्याने जे गमवावे लागते ते मुख्यतः कमानीची चाल होय. समजा, रिकाम्या गाडीत मागील अ‍ॅक्सल व रबरी ठोकळा यांच्यामध्ये १२ सेंटिमीटर जागा आहे आणि दोन्ही बाजूंच्या कमानी मिळून १०० किलोग्रॅम भाराने १ सेंटिमीटर दबतात. हौद्यात ५०० किलोग्रॅम माल ठेवला व तो सर्व मागील अ‍ॅक्सलवर आला तर कमानी ५ सेंटिमीटर दबतील आणि ७ सेंटिमीटर चाल शिल्लक राहील. एवढ्यात साधारण खड्डा पचतो. आता हीच गाडी आधी ५ सेंटिमीटर खाली आणली असेल, तर मालासह केवळ २ सेंटिमीटर चाल उरते. पहिल्याच खड्ड्यात अ‍ॅक्सल ठोकळ्यावर आपटतो. त्या क्षणी गाडीला कमान उरत नाही. ती क्षणभर बैलगाडी होते, मात्र ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी.

या अडचणीवर ताठ कमानी हा एक उपाय आहे. त्या कमी दबतात, म्हणून थोड्या चालीत काम भागते. परंतु वर सांगितल्याप्रमाणे त्यांनी हादरे वाढतात. रिकामी पिकअप आधीच मागच्या बाजूस उसळत असते, कारण तिच्या कमानी भार वाहण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या आणखी ताठ केल्यावर खडबडीत रस्त्यावर चाक जमिनीला धरून राहत नाही. चाक जमिनीवर नसेल तर ब्रेक व सुकाणू दोन्ही निरुपयोगी ठरतात.

शॉक अ‍ॅब्सॉर्बरचाही विचार करावा लागतो. मूळ लांबीचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर खाली आणलेल्या गाडीत सदैव अर्धवट दबलेला राहतो व मोठ्या धक्क्यात त्याचा दांडा तळाशी ठोकला जातो. म्हणून नव्या उंचीस जुळणारा आखूड शॉक अ‍ॅब्सॉर्बर लागतो. पुढील चाकांच्या बाबतीत बाहूंचा कोन बदलल्याने चाकाचा माथा आत झुकतो व टायरची आतली कड झिजू लागते. चाकांची दिशा नव्याने जुळवून घेणे तेथे अनिवार्य असते.

चारही चाके ओढणारी असताना

फोर व्हील ड्राइव्ह गाडीत आणखी काही प्रश्न उद्‌भवतात. मागील अ‍ॅक्सलच्या मध्यभागी डिफरन्शियलचा गोलाकार डबा असतो. हा डबा अ‍ॅक्सलचाच भाग असल्याने चासी कितीही खाली आणली तरी त्याची जमिनीपासूनची उंची बदलत नाही; ती केवळ टायरच्या आकारावर अवलंबून असते. पुढील बाजूस स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर परिस्थिती उलट असते. तेथील डिफरन्शियल चासीला बांधलेले असते, म्हणून चासी ५ सेंटिमीटर उतरली की तेही ५ सेंटिमीटर खाली येते. गिअरपेटीच्या मागे असलेली व दोन्ही अ‍ॅक्सलांना शक्ती वाटून देणारी ट्रान्सफर पेटीही तशीच खाली येते. ज्या यंत्रसामग्रीसाठी ही गाडी अधिक किंमत देऊन घेतली, तीच प्रथम दगडाच्या टप्प्यात येते.

शक्ती चाकांपर्यंत नेणारे दांडे हा दुसरा प्रश्न. चाक वर-खाली होत असता दांड्याला कोनात फिरावे लागते व त्यासाठी सांधे असतात. यांतील एका सांध्यास हूकचा सांधा असेच नाव आहे; कमानीचा नियम सांगणारा तो हाच रॉबर्ट हूक. या सांध्याचा एक स्वभाव आहे. दोन दांडे एका रेषेत नसतील तर पहिला दांडा एकसारख्या वेगाने फिरत असूनही दुसऱ्याचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो व दोनदा घटतो. कोन १० अंशांचा असेल तर हा चढउतार दोन्ही बाजूंस सुमारे दीड टक्का असतो. लांब दांड्याच्या दोन्ही टोकांस एकेक सांधा बसवून आणि दोघांचे कोन सारखे ठेवून हा दोष नाहीसा करतात, कारण एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारात विरतो. चासी खाली आणताना अ‍ॅक्सल जरासा कलला तर हे दोन कोन सारखे राहत नाहीत. मग विशिष्ट वेगास गाडी थरथरू लागते आणि सांधे लवकर झिजतात. यावर उपाय म्हणून पाटा व अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराची पट्टी घालून कोन पुन्हा जुळवतात.

तिसरा प्रश्न टायरांचा. मागील डिफरन्शियल खरोखरच खाली आणणारा मार्ग एकच, तो म्हणजे लहान टायर. २६५/६० आर १८ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७७५ मिलिमीटर असतो. त्याऐवजी २६५/५० आर १८ घेतला तर तो सुमारे ७२२ मिलिमीटर होतो. अ‍ॅक्सल २६ मिलिमीटर खाली येतो, आणि वेगमापक ताशी १०० किलोमीटर दाखवत असता खरा वेग सुमारे ९३ असतो. येथे कटाक्षाने पाळण्याचा नियम असा की चारही टायर एकाच मापाचे असावेत. हिलक्ससारख्या गाडीत फोर व्हील ड्राइव्ह जोडले म्हणजे पुढचा व मागचा दांडा एकत्र बांधले जातात. पुढील टायर लहान व मागील मोठे असतील तर त्यांना वेगवेगळे फेरे घ्यावे लागतात, बांधलेले दांडे तसे करू देत नाहीत, आणि तो सारा ताण दातेचाकांवर येतो.

ब्रेक आणि दिवे

पिकअप गाडीचा मागील भार सतत बदलतो, म्हणून मागील ब्रेकचा जोरही बदलावा लागतो. रिकाम्या गाडीत तो अधिक झाला तर मागील चाके जागीच रुततात व गाडी आडवी घसरते. अनेक पिकअप गाड्यांत यासाठी एक झडप असते. ती एका दांडीने अ‍ॅक्सलला जोडलेली असून चासी व अ‍ॅक्सल यांच्यातील अंतरावरून भार किती आहे याचा अंदाज घेते. अंतर कमी झाले की माल भरला आहे असे समजून ती मागील ब्रेकला अधिक दाब देते. गाडी खाली आणल्यावर हे अंतर कायमचेच कमी होते. बिचारी झडप रिकाम्या गाडीस भरलेली समजते, आणि ओल्या रस्त्यावर एकाएकी ब्रेक लावल्यास त्याचा परिणाम घातक होऊ शकतो. झडपेची दांडी नव्या उंचीप्रमाणे जुळवणे हे काम बाहेरून दिसत नाही, म्हणूनच ते राहून जाण्याचा संभव असतो.

दिव्यांचेही तसेच. केवळ मागील भाग ५ सेंटिमीटर खाली आणला तर ३०८५ मिलिमीटर अंतरावर ही तफावत पडून गाडी जवळजवळ एक अंश मागे कलते. तेवढ्याने २५ मीटरवर दिव्याचा झोत सुमारे ४० सेंटिमीटर वर चढतो. खाली रोखलेला मंद झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो व त्याला रस्ता दिसेनासा होतो. गाडी ज्याची त्याने बदलली, धोका मात्र दुसऱ्याच्या वाट्यास आला. म्हणून उंची बदलल्यावर दिव्यांचा रोख तपासणे हे सौजन्याचे नव्हे, कर्तव्याचे काम आहे.

गतिरोधकाची भूमिती

आता गाडी रस्त्यावर आणू. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत गोलाकार गतिरोधकाचे माप दिलेले आहे: त्रिज्या १७ मीटर, रस्त्याच्या दिशेने रुंदी ३.७ मीटर आणि मध्यभागी उंची १० सेंटिमीटर. ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखरूप ओलांडता यावा असा त्यामागील विचार आहे. ज्या गाडीच्या अ‍ॅक्सलांमधील अंतर ३०८५ मिलिमीटर आहे, तिची चारही चाके या गतिरोधकावर एकाच वेळी मावतात. अशा वेळी वर्तुळाच्या भूमितीप्रमाणे चाकांच्या टेकण्याच्या रेषेच्या वर गतिरोधकाचा माथा केवळ ७ सेंटिमीटर येतो.

परंतु सर्वच गतिरोधक या मापाचे नसतात. गल्लीबोळांत डांबराचा वा सिमेंटचा अरुंद, उभा उंचवटा पुष्कळदा आढळतो. त्याची उंची १५ सेंटिमीटर धरू. तो अरुंद असल्याने पुढील चाके त्याच्या पलीकडे व मागील चाके अलीकडे सपाट रस्त्यावर असतात, आणि १५ सेंटिमीटरचा पुरा उंचवटा गाडीच्या पोटाखाली येतो.

समजा, गाडीच्या मध्यावर पोटाखाली २२ सेंटिमीटर मोकळी जागा आहे. मालाने मागील बाजू ५ सेंटिमीटर दबली म्हणजे मध्य अडीच सेंटिमीटर खाली येईल. उरले साडेएकोणीस. अरुंद उंचवटा ओलांडताना अगदी सावकाश गेले तरी त्यांतून १५ वजा होतात आणि साडेचार सेंटिमीटर शिल्लक राहतात. गाडी निभावून जाते. हीच गाडी ५ सेंटिमीटर उतरवलेली असेल तर शिल्लक उणे अर्धा सेंटिमीटर येते. म्हणजे तिचे पोट उंचवट्यावर घासणारच. प्रमाणित गतिरोधकावर मात्र उतरवलेल्या गाडीसही साडेसात सेंटिमीटर जागा राहते. यावरून दिसते की पाच सेंटिमीटरचा निर्णय गाडी पाहून घेता येत नाही. तिला रोज ज्या रस्त्याने जायचे तो रस्ता मोजावा लागतो. बसवनगुडीतील मोठ्या रस्त्यावर सुखाने चालणारी गाडी शेतकऱ्याच्या गावाकडील वाटेवर अडकू शकते.

हवी तेव्हा हवी ती उंची

उंची व चाल यांचा हा झगडा सोडवण्याचा प्रयत्न अभियंत्यांनी फार पूर्वीच केला. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीने १९५५ साली डीएस ही मोटार आणली. तिच्यात पोलादी कमानींऐवजी दाबाखालील तेल व वायू वापरलेले होते. भार वाढला की पंप आपोआप अधिक तेल पुरवी आणि गाडी मूळ उंचीवर परत येई. पुढे हवेच्या पिशव्यांचे सस्पेन्शन फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांतही आले. त्यामुळे महामार्गावर गाडी खाली बसते आणि खडकाळ वाटेवर तीच उंच होते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात हीच गोष्ट वेगळ्या कारणाने घडली. तेथे मोटारी अत्यंत खाली आणण्याची हौस फोफावली, तेव्हा गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नसावा असा निर्बंध १९५० नंतरच्या दशकात घालण्यात आला. हौशी कारागिरांनी विमानांतील जुने हायड्रॉलिक पंप बसवून गाडी इच्छेनुसार वर-खाली करण्याची युक्ती काढली. हौस आणि कायदा यांच्या चढाओढीतून यंत्रविद्येत भर पडल्याचे हे एक उदाहरण होय.

कायद्याची मर्यादा

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात या तत्त्वाचा पुनरुच्चार केला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलाबद्दल प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड अथवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. म्हणून कमानींना हात लावण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करावी हे उत्तम.

या नियमाचे मूळ यंत्रशास्त्रातच आहे. नव्या प्रकारचे वाहन विक्रीस येण्यापूर्वी त्याचे ब्रेक, दिवे व इतर अंगे तपासली जातात. १९६६ साली पुणे येथे स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशा चाचण्या करते. ज्या उंचीवर वाहनाची तपासणी झाली, ती उंची बदलली तर तपासणीचे निष्कर्ष त्या वाहनास लागू राहतीलच असे नाही.

सारांश

गाडी खाली आणल्याने वळणावरील स्थैर्य वाढते, माल चढवण्याचे श्रम थोडे कमी होतात. त्याबदली कमानीची चाल, पोटाखालची जागा व भार वाहण्याची क्षमता यांपैकी काही द्यावे लागते. दांड्यांचे कोन, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ब्रेकची झडप आणि दिव्यांचा रोख पुन्हा जुळवावा लागतो. रिकामी धावणारी, गुळगुळीत रस्त्यावरची गाडी दोन-तीन सेंटिमीटर उतरवणे हा यंत्रदृष्ट्या सहज पेलणारा बदल आहे. पाच पोती अधिक लादून ग्रामीण रस्त्याने बाजार गाठणाऱ्या गाडीस तोच बदल परवडणारा नाही. तिच्या मालकाने पोत्यांची थप्पी खाली ठेवावी. गाडीची उंची जशी आहे तशीच राहू द्यावी. आणि ज्यास उंची बदलायचीच आहे, त्याने गाडीस हत्यार लावण्यापूर्वी चार आकडे कागदावर मांडावेत: रिकामी चाल, मालाने होणारे दबणे, पोटाखालची जागा, आणि आपल्या वाटेवरील सर्वांत उंच उंचवटा.